व्हिडिओसाठी मिररलेस घेताना बॉडी आणि लेन्स जोडीनेच तोलून पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडचा एक तरुण सध्या क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) डीएसएलआरवर १८-५५ किट लेन्स आणि ५० एफ १.८ लावून लग्नं आणि मुलाखती शूट करतो. पुढे मिरजेच्या सतारमेकर मंडळींवर, आसपासच्या कारागिरांवर छोटे माहितीपट करायचे आहेत. बॉडी आणि लेन्स मिळून तीन लाखांच्या आत बसवायचं आहे. सोनी एफएक्स३०, सोनी ए७ फोर आणि पॅनासॉनिक लुमिक्स एस५ टू या तीन मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत घोडं अडलंय. बॉडी आधी ठरवू, लेन्सचं नंतर बघू, असं त्याचं म्हणणं.

मी त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. लेन्सचं नंतर बघू म्हणून व्हिडिओचा कॅमेरा घेऊच नका. फोटोत फोकस अर्धा सेकंद इकडेतिकडे भटकला तर पुढचा फोटो असतो. व्हिडिओत ते भटकणंही रेकॉर्ड होतं. फोकस किती गुळगुळीत सरकतो, चालताना फ्रेम किती हलते, झूम केल्यावर गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा मोटारचा दांडा) पुन्हा बॅलन्स करावा लागतो का, दहा बाय बाराच्या खोलीत बसलेली चार माणसं फ्रेममध्ये मावतात का, हे सगळं बॉडी आणि लेन्स मिळून ठरवतात. म्हणून मी तीन बॉडींऐवजी तीन जोड्यांची तुलना करतो.

माझा कौल आधीच सांगून टाकतो. लग्नं हेच मुख्य उत्पन्न असेल आणि फोटोंसाठी दुसरा माणूस असेल, तर एफएक्स३० आणि त्यावर टॅमरॉन १७-७० एफ २.८. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही तुमच्याच गळ्यात असेल, तर ए७ फोर आणि टॅमरॉन २८-७५ एफ २.८ जी२. मुलाखती आणि माहितीपट हेच खरं काम असेल, तर एस५ टू, त्याची २०-६० किट लेन्स आणि ८५ एफ १.८. तुमचं वर्णन वाचून मला पहिली जोडी योग्य वाटते. का, ते आता सांगतो.

फुल फ्रेमचं, म्हणजे मोठ्या सेन्सरचं, आकर्षण मला कळतं, पण लग्नाच्या शूटमध्ये निम्मं फुटेज सेकंदाला ५० फ्रेमवर जातं. हळद उडवताना, वधू-वर अक्षता झेलताना, वरातीत नाचताना स्लो मोशन लागतंच. आणि इथे गंमत अशी की ए७ फोर आणि एस५ टू हे दोन्ही फुल फ्रेम कॅमेरे ४के ५० फ्रेमला सेन्सरचा फक्त मधला, एपीएस-सीएवढा (तुमच्या क्रॉप सेन्सरएवढा) भाग वापरतात. म्हणजे २८-७५ लावलीत, २५ फ्रेमवर शूट करत होतात आणि ५० वर गेलात, की तीच लेन्स ४२-११२ सारखी दिसायला लागते. मंगल कार्यालयात मागे सरकायला जागा असते. घरच्या हळदीत, जिथे तुमची पाठ आधीच भिंतीला टेकलेली आहे, तिथे ४२ मध्ये काहीच मावत नाही. एफएक्स३० मुळातच एपीएस-सी आहे. २५ फ्रेम असो की ५०, त्याची फ्रेम जवळजवळ तेवढीच राहते. १७-७० त्यावर फुल फ्रेमच्या हिशोबाने साधारण २५ ते १०५ दिसते, दोन्ही वेगांना. एकट्या माणसाला दिवसभर डोक्यात दोन हिशोब ठेवावे लागत नाहीत, ही माझ्या मते या जोडीची सगळ्यात मोठी जमेची बाजू. १०० फ्रेमवर मात्र एफएक्स३० पण चांगलाच क्रॉप करतो, तो वेग मोजक्या शॉट्सपुरता ठेवा.

आता फुल फ्रेमची बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. २५ फ्रेमवर सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन पटीच्या आसपास जास्त असतं, त्यामुळे अंधारात साधारण एक स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडा जास्त फायदा मिळतो. पार्श्वभूमीही सहज विरघळते. एपीएस-सीवर एफ २.८ ला जेवढी खोली दिसते, तेवढी फुल फ्रेमवर एफ ४ च्या आसपास मिळते. एफएक्स३० ला लॉगमध्ये (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकं रेकॉर्ड करण्याच्या पद्धतीत) ८०० आणि २५०० असे दोन मूळ आयएसओ, म्हणजे सेन्सर स्वच्छ चित्र देतो अशा दोन संवेदनशीलता, आहेत, एस५ टू ला ६४० आणि ४०००. रात्रीच्या वरातीत एस५ टू ४००० वर जितका स्वच्छ राहतो, तितका एफएक्स३० राहत नाही. पण ही तूट लेन्सने भरून निघते. सिग्मा ३० एफ १.४ ही लहानशी लेन्स एफ २.८ च्या चौपट प्रकाश आत घेते. वरात, संगीत आणि पाठवणी एवढ्यापुरती ती बॅगेत ठेवलीत तर काम भागतं.

पुढचा मुद्दा फोकसचा, आणि हा आपल्याकडच्या लग्नांत जरा वेगळा आहे. नवरदेवाच्या मुंडावळ्या चेहऱ्यावर लोंबत असतात, नवरी खाली बघत असते, मध्ये अंतरपाट, आणि मंगलाष्टकं संपता संपता अक्षतांचा मारा. चेहरा ओळखणाऱ्या ऑटोफोकसची एवढी परीक्षा दुसरं कुणी घेत नसेल. एस५ टू हा २०२३ मध्ये आला आणि फेज डिटेक्ट फोकस (फोकस कुठल्या दिशेला सरकवायचा ते लगेच ओळखणारी पद्धत) असलेला तो लुमिक्सचा पहिला कॅमेरा. त्याआधीच्या लुमिक्सवर पार्श्वभूमी धडधडायची, तो त्रास यात गेला. तरी गर्दीत कुणाचं डोकं आडवं गेल्यावर परत त्याच चेहऱ्यावर यायचं, यात मला सोनी अजून पुढे वाटतो. सोनीत दोन सेटिंग्ज नक्की बदला: फोकस एका ठिकाणाहून दुसरीकडे किती वेगाने सरकावा, आणि मध्ये काही आल्यावर विषय किती लवकर सोडावा. पहिलं मधोमध ठेवा, दुसरं खालच्या टोकाकडे. मग अक्षता आणि मुंडावळ्या फोकस ओढून नेत नाहीत. अंतरपाट खाली येतो त्या क्षणासाठी नवरीच्या चेहऱ्यावर स्क्रीनवर बोट ठेवून ट्रॅकिंग आधीच लावून ठेवा. तो क्षण परत घेता येत नाही.

याच संदर्भात तुमच्या जुन्या ५० एफ १.८ विषयी. ॲडॅप्टर लावून ती सोनीवर बसते, फोटोला चालूनही जाते. व्हिडिओला सलग फोकस लागतो तिथे ती अडखळते आणि मोटारचा आवाज माइकमध्ये येतो. मुलाखतीत हाताने फोकस करून वापरा, लग्नात बाहेर काढू नका.

फ्लॅशचा मुद्दा बहुतेक तुलनांमध्ये सुटतो. लग्नात फोटोग्राफरचा फ्लॅश सतत उडत असतो. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे फ्लॅश मध्येच उडाला की फ्रेमचा अर्धा भाग पांढरा आणि अर्धा काळपट असा पट्टा येतो. वाचायला जितका वेळ जास्त, तितके अशा फुटक्या फ्रेम जास्त. २५ फ्रेमला पूर्ण रुंदीवर एफएक्स३० ला साधारण १६ मिलिसेकंद लागतात, एस५ टू ला २१ च्या आसपास, ए७ फोरला २६ च्या पुढे. याच कारणाने ए७ फोरवर झटकन पॅन केलं की मांडवाचे खांब तिरके होतात. गिंबलवर हळू चालणाऱ्याला हे जाणवणार नाही. ढोल-ताशाच्या मधोमध उभं राहून हातात कॅमेरा धरणाऱ्याला नक्की जाणवेल.

मग ए७ फोर का सुचवला? कारण एफएक्स३० ला व्ह्यूफाइंडर नाही, यांत्रिक शटर नाही आणि त्यावर फ्लॅश वापरता येत नाही. कुटुंबाचे ग्रुप फोटोही तुम्हीच काढणार असाल तर तिथेच तो बाद होतो. ए७ फोर ३३ मेगापिक्सेलचा फोटो देतो आणि ४के २५ फ्रेम सात-के मधून दाबून काढतो, ते फुटेज फार सुरेख दिसतं. त्याला पंखा मात्र नाही. मे महिन्यात दुपारी साडेबाराचा मुहूर्त, वर पत्र्याचा मांडव, बाजूला हॅलोजन. अशा वेळी मेनूमधलं तापमानाचं बंधन ‘हाय’ वर ठेवा, स्क्रीन बॉडीपासून बाहेर काढून धरा म्हणजे मागची उष्णता कोंडत नाही, आणि दोन विधींच्या मध्ये कॅमेरा सावलीत ठेवा. एफएक्स३० आणि एस५ टू दोघांनाही आत पंखा आहे, त्यामुळे तासाभराचं कीर्तन किंवा भाषण सलग घेताना जीव टांगणीला लागत नाही. आणखी एक: तीन लाखांत सगळ्यात ओढाताण ए७ फोरमध्येच होईल. एनडी (प्रकाश कमी करणारा काळपट फिल्टर), कार्ड, जादा बॅटरी आणि माइकसाठी फारसं काही उरणार नाही.

आता लेन्सकडे नीट वळू. एफएक्स३० साठी मी टॅमरॉन १७-७० म्हणालो, पण सिग्मा १८-५० एफ २.८ हाही तगडा पर्याय आहे. सिग्माचं वजन फक्त २९० ग्रॅमच्या आसपास, टॅमरॉनचं ५२५. बॉडी बॅटरी-कार्डासकट ६४६ ग्रॅमची. दिवसभर छोट्या गिंबलवर चालायचं असेल तर हा फरक संध्याकाळी मनगटाला कळतो. टॅमरॉनच्या बाजूने दोन गोष्टी आहेत: लेन्समध्येच स्टॅबिलायझर आहे, आणि ७० पर्यंत पोहोच असल्यामुळे स्टेजच्या खाली उभं राहून चेहऱ्याचा क्लोजअप मिळतो. एकट्याने काम करणाऱ्याला ती पोहोच लागते म्हणून मी टॅमरॉनकडे झुकतो. झूम करताना या दोन्ही लेन्स पुढे बाहेर येतात, हे लक्षात ठेवा. गिंबलवर एक फोकल लेंग्थ ठरवून तिथेच बॅलन्स करा.

सोनीची १८-१०५ एफ ४ पॉवर झूमही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. ती झूम होताना लांब होत नाही, वजन ४२७ ग्रॅम, आणि बटणाने एकसारखा संथ झूम मिळतो. व्याख्यान, गाण्याची मैफल, शाळेचं स्नेहसंमेलन अशा ट्रायपॉडवरच्या कामाला तिच्यासारखी सोय नाही. पण एफ ४ आणि एपीएस-सी मिळून संध्याकाळनंतर हात बांधले जातात, म्हणून एकुलती एक लेन्स म्हणून मी ती देणार नाही.

फोकस ब्रीदिंगबद्दल दोन शब्द. फोकस जवळून लांब गेला की फ्रेम किंचित आत-बाहेर होते, त्याला ब्रीदिंग म्हणतात. सोनीच्या बॉडीत हे झाकण्याची सोय आहे, पण ती सोनीच्या स्वतःच्या ठराविक लेन्सवरच चालते, टॅमरॉन-सिग्मावर नाही. लग्नात याने कुणाचं काही अडत नाही. माहितीपटात, जिथे वाद्यावरून कारागिराच्या चेहऱ्यावर फोकस सरकवायचा असतो, तिथे ते दिसतं. ब्रीदिंगच्या बाबतीत पॅनासॉनिकच्या एफ १.८ लेन्सची मालिका चांगली आहे. १८, २४, ३५, ५० आणि ८५, सगळ्या जवळपास एकाच आकाराच्या, एकसारख्या वजनाच्या आणि सगळ्यांना ६७ मिमीचाच फिल्टर. एक बदलून दुसरी लावली तरी गिंबलला फारसा हात लावावा लागत नाही. शिवाय एस५ टू मध्ये फोकस रिंग किती अंश फिरवल्यावर किती फोकस सरकेल, हे तुम्ही ठरवू शकता. हाताने फोकस ओढणाऱ्यासाठी हे सोन्यासारखं आहे.

आणि म्हणूनच माहितीपटासाठी मी एस५ टू म्हणतो. सतारमेकरच्या दुकानाचं उदाहरण घ्या. अरुंद जागा, उजेड एका दाराचा, भोपळे वर टांगलेले, माणूस खाली बसून घोडीवर कानस फिरवत जवारी लावतोय, म्हणजे तारेचा नाद खुलेल अशी घोडी घासतोय. तुम्हाला एकाच जागेवरून पूर्ण खोलीही हवी आणि कानशीखालचा भुगाही. २०-६० किट लेन्स २० ला पंधरा सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, हे किट म्हणून हिणवल्या जाणाऱ्या लेन्सचं फार मोठं बळ आहे. ८५ एफ १.८ ला मात्र ८० सेंटिमीटर लांब राहावं लागतं, ती चेहऱ्यासाठी आणि मुलाखतीसाठी. तिथे पंख्याचं सेटिंग आधी बघा. जवारीचा नाद टिपताना कॅमेऱ्याचा पंखा जवळच्या माइकमध्ये घरघरतो. एस५ टू सेन्सरची पूर्ण ३:२ फ्रेम ६के मध्ये रेकॉर्ड करतो. त्यातून आडवा माहितीपट आणि उभी रील दोन्ही कापता येतात, दोनदा शूट करावं लागत नाही. एफएक्स३० घेतलात तर याच कामाला सिग्मा १८-५० बरी पडेल. ती १८ ला बारा सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते.

लेन्सइतकीच गरज एनडी फिल्टरची. हिशोब करून दाखवतो. भर उन्हात आयएसओ ८०० ला योग्य एक्सपोजर साधारण एफ १६ आणि १/८०० असतं. २५ फ्रेमला शटर हवं १/५०, म्हणजे चार स्टॉप जास्त प्रकाश. लेन्स एफ २.८ ला उघडायची, म्हणजे आणखी पाच. एकूण नऊ स्टॉप कापायचे आहेत. दुकानात सर्रास मिळणारा २ ते ५ स्टॉपचा व्हेरिएबल (फिरवून गडद-फिका करता येणारा) एनडी लावून तुम्ही एफ ११ लाच अडकता, आणि मग तीन लाख घालून पार्श्वभूमी मोबाइलसारखी दिसते. ६ ते ९ स्टॉपचाही एक लागेल. टॅमरॉनच्या दोन्ही झूमना ६७ मिमी लागतो, पॅनासॉनिकच्या २०-६० आणि ८५ लाही ६७ च, त्यामुळे एका आकारात भागतं. वाइड टोकाला व्हेरिएबल एनडी शेवटपर्यंत फिरवू नका, फ्रेमवर काळी फुली उमटते. लॉगची गरज नसेल तर सोनीवर एस-सिनेटोनमध्ये (सोनीच्या तयार रंगांच्या सेटिंगमध्ये) शूट करा. मूळ आयएसओ बराच खाली येतो आणि एनडीवरचा भार हलका होतो.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१००. कॅमेरा ३० वर ठेवून ट्यूबलाइटखाली शूट केलंत तर झगमग येण्याचा धोका असतो. स्वस्त एलईडी माळा आणि स्टेजच्या एलईडी भिंती मात्र स्वतःच्या तालावर चमकतात, तिथे पट्टे दिसले तर शटर थोडं थोडं बदलून बघा. निळ्या-जांभळ्या दिव्यांत आणि हळदीच्या पिवळ्यात रंगाचा एकच चॅनल जळतो, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसला तरी. थोडं कमी एक्सपोज करा. तिन्ही कॅमेरे १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणारं रेकॉर्डिंग) देतात, त्यामुळे मागच्या पांढऱ्या पडद्यावर पट्ट्या पडण्याचा जुना त्रास कमी होतो.

पण तेच ४:२:२ जेव्हा एच.२६५ मध्ये (फुटेज जास्त दाबून साठवण्याच्या पद्धतीत) येतं, तेव्हा लॅपटॉप रडतो. ॲपलच्या एम मालिकेच्या किंवा इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या, ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरवर ते सरळ चालतं. एनव्हिडियाच्या ५० मालिकेआधीच्या कार्डांना हे डीकोड करता येत नाही. लॅपटॉप जुना असेल तर एच.२६४ मध्ये शूट करा किंवा प्रॉक्सी (एडिटसाठी हलक्या प्रती) बनवण्याचा वेळ धरा. जागेचा हिशोबही करून ठेवा: १४० एमबीपीएसला ताशी ६३ जीबी, २०० ला ९० जीबी. तिन्ही बॉडींना दोन कार्ड स्लॉट आहेत. लग्नात दोन्हींवर एकाच वेळी लिहायचं, यात तडजोड नाही.

पैसे देण्याआधी ठरवलेली जोडी एक दिवस भाड्याने आणा. पुण्या-मुंबईत मिळतेच, आणि एका दिवसाच्या भाड्याला हात आखडू नका. सकाळी उन्हात ५० फ्रेमवर बॅटरी संपेपर्यंत सलग रेकॉर्ड करा. घरच्या सगळ्यात लहान खोलीत २५ आणि ५० या दोन्ही वेगांना चार माणसं बसवून बघा. कुणालातरी फुलांच्या माळा चेहऱ्यावर सोडून तुमच्याकडे चालत यायला सांगा, मध्ये दुसऱ्याला आडवं जाऊ द्या. रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली चालत शूट करा, आणि ते सगळं फुटेज त्याच रात्री तुमच्याच लॅपटॉपवर एडिट टाइमलाइनला टाका. बॉडीवरचं स्टॅबिलायझेशन वाइड लेन्सवर कोपरे डगमगत हलवतं का, तेही तिथेच दिसेल, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर दिसणार नाही.